मधुमेह आणि आपले डोळे
(पडघा येथील व्याख्यानाचा मजकूर)



डोळ्यांच्या आजारांवर बोलताना आम्हाला प्रथम बाबासाहेबांची आठवण होते. त्यांना मधुमेह होता. १९५४ च्या सुमारास त्यांची दृष्टीही मंदावली होती. तशाही स्थितीत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहून पुरा केला. ग्रंथ छापून आला तो महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली.

त्या काळी इन्सुलिन होते, पण मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा बिघडला तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. लेसर किरणच मुळी १९६० साली निर्माण झाला. पुढे पडद्यावरच्या गळक्या रक्तवाहिन्या लेसरने बंद करता येऊ लागल्या आणि २००५ च्या पुढे डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आली. ऐकून अंगावर काटा येतो, परंतु बधिर करणारे थेंब घालून काही मिनिटांत काम होते. मात्र पडद्याचा जो भाग मेला तो या उपचारांनी जिवंत होत नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे.

खरी अडचण अशी की, पडदा बिघडताना डोळा दुखत नाही, लाल होत नाही, सुरुवातीस दिसतेही स्वच्छ. पुढे अंधुक दिसू लागले की माणूस चष्म्याचा नंबर बदलून येतो, किंवा ‘मोतीबिंदू असेल, पिकू द्या’ म्हणून वर्ष घालवितो. मोतीबिंदूची गोष्ट निराळी. तेथे गेलेली नजर बहुधा परत येते. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये कृत्रिम भिंग बसविले, तेव्हा जे.जे. रुग्णालयात असलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी आनंदवनात जाऊन कुष्ठरुग्णांचे मोतीबिंदू काढले. आता तोही पिकण्याची वाट पाहावी लागत नाही.

भातझोडणीचे दिवस येतील म्हणून जाता जाता सांगतो: डोळ्यात तूस गेले तर जिभेने काढणे, दूध घालणे, घरातले जुने थेंब टाकणे हे प्रकार नकोत. बुरशीची जखम होऊन बुबुळ कायमचे पांढरे पडते.

साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा, बाहुली मोठी करणारे औषध घालून पडदा तपासून घ्यावा. त्यानंतर काही तास अंधुक दिसते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांना भिवंडीस किंवा ठाण्यास नेताना तुम्ही सोबत जा, आणि त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या.