कोयत्यात माणसे किती?

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शेतमजुरांचा इतिहास शिकवायचा तर साधने कोठून आणायची, असा प्रश्न येथे विचारला गेला. सावकाराच्या वह्या सापडतात, कारखान्याचे अहवाल सापडतात. मजुरापाशी दप्तर नाही; त्याच्यापाशी अवजार आहे. तेव्हा वर्गात आधी कोयता आणा.

तो टेबलावर ठेवून विचारा, यात माणसे किती? शहरातील मुले हसतील. बीडकडचा मुलगा मात्र तत्काळ सांगेल : दोन. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा. मुकादमाची उचल कोयत्याला मिळते, टनावारी मजुरी कोयत्याला मिळते, आणि वहीत नाव बहुधा पुरुषाचे असते. पहाटे थंडीत फडात उतरणारी, पाचट सोलणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी आणि कोपीवर परतल्यावर चूल पेटवणारी बाई हिशेबात कोठे आहे? ती त्या लोखंडात गडप झाली आहे. स्त्री-पुरुषांना समान वेतन देणारा कायदा १९७६ साली झाला. पण जिच्या नावे मजुरीच लिहिली जात नाही, तिची समानता मोजायची कशाशी?

प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आपण विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नावांनी शिकवतो. ते योग्यच आहे. परंतु ऊस गव्हाणीपर्यंत कोणाच्या डोक्यावरून आला, हे त्या धड्यात येत नाही. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा पडला की दंड, हा मुकादमी हिशेब ध्यानात घेतल्यावाचून त्या शस्त्रक्रियांचा अर्थ लागत नाही.

अवजार साक्ष देऊ शकते, याचा दाखला दूरचा असला तरी सांगतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सॅलड व बीटच्या शेतांत मजुरांना आखूड दांड्याचे खुरपे वापरावे लागे. मळेवाले म्हणत, त्याने काम नेटके होते. मजूर म्हणत, कोण कंबर सरळ करतो हे मुकादमाला दुरून दिसावे म्हणून दांडा आखूड आहे. दिवसभर वाकून पाठी कायमच्या मोडल्या. अखेर वकील आणि डॉक्टर मजुरांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९७५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या खुरप्यावर बंदी आली. दांड्याची लांबी हा तेथे न्यायालयीन पुरावा ठरला.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते, आणि हल्ली प्रदर्शनांत त्यांना तेलपाणी करून भिंतीवर टांगतात. दोन्हीकडे ती मुकीच राहतात. (बैलगाडीचे चाक हॉटेलच्या दारात लावणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.)

ज्यांच्या शाळांत तोडकऱ्यांची मुले आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पट्टा पडून माणसे गावी परतली की कोयत्याबरोबर हंगामाच्या हिशेबाचा कागदही वर्गात मागवा. उचल किती, टन किती, खाडे किती, फिटले किती आणि अंगावर राहिले किती, हे मुलांनाच मांडू द्या. मग त्या कागदावर आईचे नाव शोधायला सांगा.