काळ्या पाषाणाची भिंत



मराठी गावाच्या वेशीवरील वीरगळ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. खाली झुंज, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. वीराचे नाव मात्र क्वचितच आढळते. व्हिएतनाम युद्धात कामी आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वॉशिंग्टन येथील भिंतीवर नेमके उलट आहे. तेथे प्रसंग नाही, देवता नाही. केवळ नावे आहेत, अठ्ठावन्न हजारांहून अधिक.

ही भिंत कल्पिली माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने. १९८१ च्या खुल्या स्पर्धेत १४२१ आराखडे आले. त्यांवर नावे नव्हती, क्रमांक होते. परीक्षकांनी एकमताने १०२६ हा क्रमांक निवडला. पुढे गदारोळ उठला. काळा रंग लाजेचा, स्मारक जमिनीत खचलेले, असे काही माजी सैनिकच म्हणू लागले. मुलीचे आईवडील चीनमधून आलेले; तेही काढले गेले. गृहखात्याचे मंत्री जेम्स वॅट यांनी बांधकामाची परवानगी अडवून धरली.

आक्षेप घेणाऱ्यांचे दुःख खोटे नव्हते, हे विसरता कामा नये. परतलेल्या सैनिकाचे स्वागत कोणी केले नव्हते. त्याला उंच, शुभ्र असे काही हवे होते.

लिनने मात्र आग्रह धरला तो कालक्रमाचा. नावे वर्णानुक्रमे असावीत, ही सूचना वरवर सोयीची. पण एकट्या स्मिथ आडनावाचेच सहाशेहून अधिक! आपल्याकडे जाधव-शिंद्यांची यादी व्हावी, तशी ती झाली असती. मृत्यूच्या दिनक्रमाने कोरल्यामुळे एकाच चकमकीत पडलेले सोबती दगडावरही शेजारी राहिले. दोन भिंती जेथे मिळतात, तेथे १९५९ चा आरंभ आणि १९७५ चा शेवट एकमेकांना भेटतात.

पाषाण आला बंगळूरनजीकच्या खाणीतून. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यांच्या शेजारात राहणाऱ्या कामरेजकरांस झिलईचे मर्म सांगावयास नको. नाव वाचणाऱ्याला त्या नावामागे स्वतःचाच चेहरा दिसतो.

अखेर तडजोड झाली. ध्वज आणि फ्रेडरिक हार्ट यांचे तीन सैनिकांचे शिल्प मान्य झाले. पण भिंतीच्या कोनापाशी नव्हे, दूर, प्रवेशाच्या बाजूस. लिनला तेही रुचले नव्हते. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी भिंतीचे लोकार्पण झाले. तेव्हापासून माणसे कागद धरून पेन्सिलीने नावांचे ठसे घेतात, पायथ्याशी पत्रे, पदके, जुने बूट ठेवून जातात.