हेल्वेती लोकांची मोजदाद

आपल्या घरात कुणी पोस्टाची तिकिटं जमवीत असेल, तर त्याच्या वहीतलं स्वित्झर्लंडचं तिकीट जरा पाहा. त्यावर देशाचं नाव ‘हेल्वेतिया’ असं छापलेलं असतं. हे नाव आलं हेल्वेती या केल्ट जमातीवरून. जुरा पर्वत, ऱ्हाईन नदी आणि जिनिव्हाचं सरोवर यांनी वेढलेल्या मुलखात ती राहत असे.

जागा अपुरी आणि शेजारच्या जर्मन टोळ्यांशी रोजच्या चकमकी. तेव्हा इ. स. पूर्व ५८ साली हे लोक पश्चिमेकडं निघाले. निघताना काय केलं? ३ महिने पुरेल इतकं पीठ बरोबर घेतलं आणि आपलीच १२ मोठी गावं व सुमारे ४०० खेडी आपल्या हातांनी जाळली. मागं वळून पाहण्याजोगं काही उरूच नये म्हणून!

जिनिव्हापाशी ज्यूलियस सीझर आडवा आला. त्यानं पूल तोडला, १९ मैलांचा तट उभारला. हेल्वेती दुसऱ्या वाटेनं गेले. पण बिब्राक्ते नगराजवळ गाठ पडलीच. दुपारी सुरू झालेली लढाई गाड्यांच्या आडोशानं रात्री उशिरापर्यंत चालली. सबंध दिवसात शत्रूची पाठ कुणाला दिसली नाही, हे खुद्द सीझरच सांगतो.

त्यांच्या तळावर ग्रीक लिपीत लिहिलेल्या याद्या सापडल्या. लढणारे किती, पोरं, म्हातारे, बायका किती, सारं वेगवेगळं मांडलेलं. सोबतच्या जमाती धरून एकूण ३,६८,०००. पैकी लढणारे ९२,०००, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. इतका चोख हिशेब पाहून शंका येते खरी, आणि हे आकडे फुगवलेले असावेत असं पुष्कळ इतिहासकार मानतात. पण अडचण अशी, की त्या याद्या आज नाहीत; आहे तो सीझरचा शब्द. हरलेल्यांनी स्वतः लिहिलेलं आपल्यापर्यंत पोचलं, तेही जिंकणाऱ्याच्या लेखणीतून.

सीझरनं त्यांना परत धाडलं. दया म्हणून नव्हे. मुलूख ओस राहिला तर जर्मन येऊन रोमच्या शेजारी बसतील, हे कारण त्यानंच दिलं आहे. परतणाऱ्यांची मोजदाद झाली, ती १,१०,००० भरली. घरी खायला दाणा नव्हता, म्हणून शेजारच्या आलोब्रोगेस जमातीला धान्य पुरवायचा हुकूम सुटला. आणि हेल्वेतींना हुकूम झाला, की जाळलेली गावं पुन्हा बांधा.