औषधे निष्प्रभ का होतात?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिक होऊन पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकविणारा एक सामान्य शिक्षक आहे. अशा मनुष्याने जंतूंविषयी बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु ज्या चुकीची किंमत आपल्याच घराने मोजली, ती सांगण्यास पदवी लागत नाही, एवढ्याच भरवशावर मी उभा आहे.

माझ्या कपाटात बिस्किटांचा एक जुना डबा होता. दुखणे बरे झाल्यावर उरलेल्या गोळ्या मी त्यात जपून ठेवीत असे. घरात कोणास ताप आला, शेजारी कोणाचा घसा धरला, की डबा उघडून दोन गोळ्या द्याव्यात, असा माझा क्रम. त्यास मी काटकसर समजत असे, आणि थोडासा परोपकारही. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीस लघवीची जळजळ होऊन ताप भरला. मी डब्यातील प्रतिजैविक औषध दोन दिवस दिले. ताप उतरला, औषध थांबविले. महिन्याभरात दुखणे उलटले. पुन्हा तोच उपाय केला. तिसऱ्या खेपेस मात्र ती थंडीने कापू लागली आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. तपासणीचा कागद आला, तेव्हा नित्याच्या बहुतेक गोळ्यांस जंतू दाद देत नाहीत, असे दिसून आले. तेथील डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “गुरुजी, औषध खोटे नव्हते. या जंतूंपाशी औषध तोडणारे हत्यार आहे.”

या हत्यारास एन्झाइम किंवा विकर म्हणतात. विकरे आपल्याही शरीरात असतात. भाकरीचा घास चावता चावता गोड लागतो, ते लाळेतील विकराचेच कार्य होय. आता जंतूकडे वळू. त्याच्याभोवती एक भिंत असते व तिचे बांधकाम चालूच असते. पेनिसिलिन हे त्या गवंड्यांचे हात धरून ठेवते. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून मरतो. पेनिसिलिनची ही शक्ती त्याच्या रेणूतील चार अणूंच्या एका लहानशा कड्यात आहे. त्यास बीटा-लॅक्टम कडे म्हणतात. जंतूचे विकर पाण्याच्या साहाय्याने नेमके हेच कडे उघडते. कडे उघडले की औषध निकामी झाले. विकर स्वतः मात्र खर्ची पडत नाही. एक रेणू तोडून ते दुसऱ्याकडे वळते.

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांस लागला. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायास त्याची इंजेक्शने देण्यात आली. औषध इतके दुर्मिळ, की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचीत. तो सुधारू लागला. परंतु औषध संपले आणि तो दगावला. आश्चर्य हे, की पेनिसिलिन तोडणारे विकर जंतूंत असल्याचे एब्राहम व चेन यांनी त्यापूर्वीच, १९४० साली, प्रसिद्ध केले होते! अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, असा इशारा फ्लेमिंग यांनीही १९४५ साली नोबेल व्याख्यानात दिला. आपल्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि दुर्मिळ औषध सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. सुलभता आली, त्याबरोबर आदर गेला.

पुढे मनुष्याने नवे औषध काढावे आणि जंतूंत ते तोडणारे विकर आढळावे, अशी शर्यतच लागली. विकरासच अडकवून ठेवणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १९८१ पासून औषधाच्या जोडीला आले. परंतु नव्या, अधिक प्रभावी औषधांसही तोडणारी विकरे १९८३ साली जर्मनीत आढळली. माझ्या पत्नीच्या कागदावर ‘ईएसबीएल’ ही अक्षरे होती, ती याच कुळातील. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या जंतूंत, अखेरची म्हणून राखून ठेवलेली औषधेही तोडणारे विकर मिळाले. रोगी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेलेला असल्याने विकराच्या नावात आपल्या राजधानीचे नाव घातले गेले. त्याचा आपल्याकडे राग आला, तो समजण्यासारखा आहे. परंतु नावावर रागावल्याने विकर मरत नाही.

आपण म्हणतो, ‘शरीरास औषधाची सवय झाली.’ हे खरे नव्हे. निर्ढावतो तो जंतू. औषधाने साधे जंतू मरतात, विकर बाळगणारे उरतात आणि मोकळ्या जागेत तेच वाढतात. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर प्रतिजैविक घेतले, तर सर्दीस काही होत नाही. आतड्यातील निरुपद्रवी जंतू मात्र मरतात आणि निर्ढावलेल्यांस रान मोकळे होते. शिवाय विकर बनविण्याची कृती एक जंतू दुसऱ्यास देऊ शकतो, भिन्न जातीच्या जंतूसही. या बाबतीत ते जातगोत पाहात नाहीत! दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लक्ष ७० हजार माणसे मृत्यू पावली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

इस्पितळातील इंजेक्शनांनी पत्नी बरी झाली. मी डॉक्टरांस विचारले, “हे माझ्या डब्यामुळे झाले काय?” तो म्हणाला, “ते कोणासच सिद्ध करता येणार नाही, गुरुजी. परंतु असे डबे घरोघरी आहेत.” हे उत्तर मला दोषारोपापेक्षा अधिक लागले.

ज्ञातिबांधवहो, आपल्या मंडळाचा शिक्षणनिधी आहे. एखाद्याने गरज नसता त्यातून उचल केली, तर उद्या कोणा होतकरू मुलाची फी अडते. औषधाचा गुण हाही असाच सर्वांचा सामाईक निधी आहे. ज्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. चिठ्ठीतील मात्रा व मुदत आपल्या मनाने कमी अथवा अधिक करू नये. आणि आपली गोळी दुसऱ्यास देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

माझा डबा आता रिकामा आहे. त्यात पत्नी सुया-दोरे ठेवते. आज घरी गेल्यावर आपणही आपला डबा एकदा उघडून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.