जुनी आरामखुर्ची

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम् रस्त्यालगत, पेरुंगुडी हे उपनगर वसले आहे. एका अंगास पळ्ळिकरणैची दलदल, दुसऱ्या अंगास थोड्या अंतरावर समुद्र, आणि मधे संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती. अशा ठिकाणच्या एखाद्या सदनिकेत आजोबांच्या वेळची आरामखुर्ची मांडलेली असली, तर पाहुण्याची दृष्टी प्रथम तिच्याकडेच वळते. ही ओढ कशाची असावी?

पहिले कारण हवामानाचे. समुद्रकाठच्या दमट हवेत गाद्यागिरद्यांचा सोफा ओल धरतो, त्याला बुरशी लागते. सागाच्या लाकडात मात्र निसर्गतःच तेल असल्याने वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही. आणि वेताच्या विणीतून वारा पाठीपर्यंत पोचतो. 'सोफा' हा शब्द मूळचा अरबी 'सुफ्फा', म्हणजे बसावयाचा ओटा. तो युरोपची वाट धरून आपल्याकडे आला. आरामखुर्चीही वळणाने विलायती खरी, परंतु तिचे अंग या देशाच्या उन्हानेच घडविले.

दुसरे कारण दुरुस्तीचे. वेत सैल झाला तर पुन्हा विणता येतो. पाय हलू लागला तर सुतार तो ठोकून देतो. मुंबईच्या इराणी हॉटेलांतून दिसणारी वाकवलेल्या लाकडाची खुर्ची ज्या घाटाची, तो मिखाएल टोनेट याने १८५९ साली सिद्ध केला. त्याच्या खुर्चीत लाकडाचे तुकडे अवघे ६ आणि स्क्रू १०! सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. जी वस्तू उकलून पुन्हा जोडता येते, तिला म्हातारपण उशिरा येते.

परंतु जुन्याचे सारेच गोड मानू नये. मळेवाल्या साहेबांची लांब हातांची खुर्ची पाय पसरण्यासाठी होती, आणि साहेब पहुडला असता पंख्याची दोरी ओढणारा दुसराच कोणी असे. आपल्या घरांतूनही ती खुर्ची वडीलधाऱ्या पुरुषाची. सुनेने तिच्यावर बसावे, हे कोणाच्या मनातही येत नसे.

आज पेरुंगुडीच्या कचेरीतून दमून परतलेली गृहिणी त्याच खुर्चीवर निःसंकोच अंग टाकते. लाकूड तेच, वीणही तीच. बदलला आहे तो बसण्याचा अधिकार. जुन्या आसनाचे खरे नवेपण यातच आहे.