गिअर अडला, पण दोष कुणाचा?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जत स्थानकात थांबली की प्रवासी वडे घ्यायला खिडकीशी येतात. त्याच वेळात बऱ्याच गाड्यांच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात. कारण पुढे बोरघाट आहे. ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर, असा त्याचा चढ. १८६३ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला, तरी चढ काही कमी झालेला नाही. रेल्वेला असा जादा जोर बाहेरून घेता येतो. आपल्या पिकअपला मात्र तो गिअरमधूनच काढावा लागतो. म्हणूनच सपाटीवर लपून राहिलेले गिअरचे दुखणे घाटात हमखास उघडे पडते.

कर्जत-खालापूर भागात भाजी, भात, दूध, कोंबड्या, बांधकामाचे सामान असे सगळे पिकअपवरच चालते. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचा बाजार बुडाला. अशा वेळी माणूस घाई करतो. ‘गिअर पडत नाही’ म्हणून गाडी गॅरेजला जाते आणि गिअरबॉक्स खोलला जातो. पुष्कळदा दोष तिथे नसतोच. अंगात ताप असणे हा जसा रोग नव्हे, लक्षण आहे, तसेच हे. रोग शोधायला क्रम लागतो, आणि त्या क्रमात गिअरबॉक्स खोलणे शेवटी येते.

आधी आपल्या नेहमीच्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीचे पाहू. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, तर संशय क्लचवर घ्यावा. पॅडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नसतो. क्लचच्या तेलाची पातळी, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती, पॅडलची ढिलाई या गोष्टी थोड्या वेळात तपासता येतात. एकच गिअर, समजा दुसरा, करकरतो आणि बाकीचे ठीक आहेत, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते. आता खरोखर आत जावे लागेल. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, वर जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. तीन तक्रारी, तीन कारणे. पण गॅरेजच्या दारात तिन्हींचे वर्णन ‘गिअरचा प्रॉब्लेम’ एवढेच होते.

आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांकडे वळू. अमेरिकेत १९४० च्या ऑल्डस्मोबिल मोटारींत अशी यंत्रणा मिळू लागली. आपल्याकडे डिझेल पिकअपमध्ये ती उशिरा आली. इसुझूच्या व्ही-क्रॉसमध्ये २०१९ साली, टोयोटाच्या हायलक्समध्ये २०२२ साली. या गाड्यांत क्लचचे पॅडल नाही. इंजिनाचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जातो, आणि त्याच तेलाच्या दाबावर आतले छोटे क्लच गिअर बदलतात. कोणता गिअर कधी, हे कॉम्प्युटर ठरवतो.

म्हणजे इथे तेल हेच रक्त. तपासणीची सुरुवात तिथून. तेल कमी झाले की गाडी डी किंवा आरमध्ये टाकल्यावर क्षणभर थबकते, मग झटका देऊन निघते. जास्त भरले तर त्याला फेस येतो आणि लक्षणे साधारण तीच दिसतात. बऱ्याच नव्या गाड्यांत तेल बघायची पट्टीच नसते. ठरावीक तापमानाला बोल्ट काढून पातळी पाहावी लागते. म्हणून ‘थोडे वरून ओता’ हा उपाय इथे चालत नाही. तेल काळपट आणि जळक्या वासाचे असेल तर आतले क्लच जळत आहेत. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे.

हे पाणी आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावे. २००५ आणि २०२१ च्या जुलैतील पूर उल्हासकाठच्या लोकांना आठवत असतील. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये हवेच्या नळीवाटे पाणी जाऊ शकते. अशी गाडी चालू करून बघू नये. आधी तेल पाहावे. आणि ऑटोमॅटिक गाडी चाके जमिनीवर ठेवून दोरीने दूरवर ओढू नये. इंजिन बंद असले की आतला तेलाचा पंपही बंद असतो, आणि गिअरबॉक्स कोरडा फिरून खराब होतो.

दुसरी पायरी विजेची. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला, तर बहुधा कॉम्प्युटरने स्वतःच्या बचावासाठी तसे केलेले असते. कमजोर बॅटरी, सैल अर्थिंग, पावसाने गंजलेला कनेक्टर, बिघडलेला स्पीड सेन्सर यांतले काहीही त्यामागे असू शकते. स्कॅनर लावून कोड आधी लिहून घ्यावा, मगच पुसावा. कोड कोणत्या वाटेवर गडबड आहे एवढेच सांगतो. गुन्हेगार कोण, ते वायर आणि जोड तपासूनच कळते.

तिसरी पायरी इंजिनाची, आणि हीच जास्त विसरली जाते. गिअर बदलण्याची वेळ ठरवताना कॉम्प्युटर अॅक्सिलरेटर किती दाबला आहे आणि इंजिन किती जोर देते आहे, हे पाहतो. टर्बोचा पाइप फुटला असेल, डिझेल फिल्टर तुंबला असेल, तर इंजिन दमते. मग गाडी चढावर सारखी वर-खाली गिअर बदलत राहते. मालक म्हणतो, गिअरबॉक्स गेला. प्रत्यक्षात बदलायचा असतो फिल्टर.

एक साधी परीक्षाही सांगतो. एकसारख्या वेगात गाडी थरथरत असेल, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, अॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका, दिवा लागण्यापुरता दाबायचा. त्या क्षणी थरथर थांबली, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर संशय जातो. थांबली नाही, तर टायर, प्रॉपेलर शाफ्ट, इंजिन तपासावे. ही परीक्षा जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवून करावी.

मिस्त्रीकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात. दोष गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? भरलेल्या गाडीत की रिकाम्या? कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला? आणि त्याआधी काय काम केले होते? एवढ्या माहितीवर चांगला कारागीर निम्मे निदान करतो.

शेवटी उताराविषयी. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. हा हिशेबच चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर डिझेल जवळजवळ बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. शिवाय सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि ऐनवेळी पकड सोडतात. उतरताना खालचा गिअर हवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये तो धरून ठेवावा. आणि ज्या गाडीचा गिअर आपोआप सुटतो किंवा खालचा गिअर पडतच नाही, ती भरून घाटात नेऊच नये. बाजार उद्याही भरतो. त्या गाडीत चालकाशेजारी बहुधा घरचेच कोणीतरी बसलेले असते.