पडद्यामागचा दुभाष्या



भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. दृश्य मोठे देखणे. पण पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले, की आलापल्लीकडचा रस्ता बंद. पावसाळ्यात या तालुक्याचा संपर्क वर्षानुवर्षे असाच तुटत आला आहे. अशा दिवसांत इथल्या एखाद्या शाळेतल्या संगणकाचा पडदा काळा झाला, तर दुरुस्ती करणारा येणार कुठून? आज कविता बाजूला ठेवून मी या काळ्या पडद्याबद्दलच बोलणार आहे.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि कितीतरी धडधाकट संगणकांवर म्हातारपणाचा शिक्का बसला. लिनक्स अशा यंत्रांना नवे आयुष्य देऊ शकते. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. ती विनामूल्य मिळते आणि तिची घडण कोणालाही वाचता येते, बदलता येते. आडवळणाच्या गावाला ही मोठीच सोय. अडचण बहुधा एका ठिकाणी येते. संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही.

बिघाड अनेकदा यंत्रात नसतो, दुभाष्यात असतो. संगणकात चित्र उमटवणारे ग्राफिक्स कार्ड असते. त्याची भाषा वेगळी, लिनक्सच्या गाभ्याची वेगळी. दोघांच्या मध्ये उभा राहणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. घरात उर्दू आणि कागदावर मराठी अशी ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला दुभाष्याचे मोल वेगळे सांगायला नको. भामरागडात तर ते सगळेच जाणतात. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. रोग्याला कुठे दुखते, हे कळण्यासाठी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया भाषा शिकावी लागली.

इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या कार्डांचे दुभाषे बहुतेक वेळा लिनक्सच्या गाभ्यातच असतात. एनव्हिडियाने मात्र आपल्या कार्डाचे व्याकरण बरीच वर्षे कुलपात ठेवले. तेव्हा काही स्वयंसेवकांनी कंपनीचा ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो, ते टिपून टिपून ती भाषा उलगडली. त्यातून ‘नूव्हो’ हा मोकळा ड्रायव्हर तयार झाला आणि २०१० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाला. मे २०२२ मध्ये एनव्हिडियानेही नव्या कार्डांसाठी आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशी जोडलेला भाग खुला केला. जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे येतात ती जुनीच.

आता प्रत्यक्ष काय करायचे? पडदा काळा दिसला की सगळे पुसून नव्याने टाकायची घाई करू नका. मुलांचे काम त्यात असते. नुकताच लिनक्सचा गाभा अद्ययावत झाला असेल, तर सुरू होतानाच्या यादीतून आधीचा गाभा निवडा. कंपनीचा बंद ड्रायव्हर प्रत्येक नव्या गाभ्यासाठी पुन्हा बांधावा लागतो. ते राहून गेले, की पडदा काळा. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच यादीत ‘ई’ कळ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत जोडा आणि कंट्रोल व एक्स या कळा एकत्र दाबा. चित्र साधे, जाडेभरडे दिसेल, पण बहुधा दिसेल. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो, म्हणून भिण्याचे कारण नाही.

मग ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन कार्ड कोणते आहे ते पाहा. ड्रायव्हर घ्यायचा तो आपल्या लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच. अर्धा तिथला आणि अर्धा कंपनीच्या संकेतस्थळावरचा, अशी खिचडी केली की दोन दुभाषे एकमेकांवर ओरडू लागतात. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर सहीशिक्क्याविना आलेल्या ड्रायव्हरला दारातच अडवले जाते, तेही तपासा. कधी ड्रायव्हर असतो, पण कार्डाला लागणारी फर्मवेअरची फाईल नसते. डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून अशा फाईली प्रतिष्ठापनेच्या संचातच दिल्या.

पण हे सगळे उतरवून घ्यायला इंटरनेट लागते, आणि पूर आला की त्याचाही भरवसा नसतो. आपण मृगाआधी तांदूळ, मीठ, सरपण भरून ठेवतो. त्याच यादीत एक पेन ड्राइव्ह लिहा. त्यात लिनक्सचा चालता संच आणि आपल्या कार्डाचा ड्रायव्हर असू द्या. संगणकाशेजारी एक वही ठेवा. कार्डाचे नाव, चालणारा ड्रायव्हर, कोणत्या दिवशी काय बदलले, हे सारे मराठीत लिहा. माडियात लिहिता येत असेल, तर माडियात लिहा. पुढच्या वर्षी शिक्षक बदलून जातील, वही मात्र तिथेच राहील.

बंद ड्रायव्हर रुसला, तर कंपनीची वाट पाहावी लागते, आणि जुन्या कार्डासाठी कंपनी येतच नाही. मोकळा ड्रायव्हर कधी मंद चालतो, हेही खरे. पण त्याची भाषा शिकायला कोणालाच मज्जाव नाही. पर्लकोटेच्या पलीकडच्या एखाद्या मुलीने ती शिकून घेतली, तर पाणी ओसरायची वाट पाहावी लागणार नाही.